बेस पडला की ॲम्प बंद: कमी खर्चाच्या सबवूफरचं नेहमीचं दुखणं

आधी लक्षणं

गाणं चालू असतं, मोठा ठोका येतो आणि सब (सबवूफर, खोल बेस वाजवणारा मोठा स्पीकर) गप्प होतो. पुढचे स्पीकर वाजतच असतात. दोन-चार सेकंदांनी सब परत येतो आणि पुढच्या ठोक्याला पुन्हा जातो. डिकीत वाकून बघितलं तर ॲम्पवरचा (सबला ताकद देणाऱ्या ॲम्प्लिफायरवरचा) हिरवा दिवा लाल झालेला असतो, नाहीतर 'प्रोटेक्ट' लिहिलेला दिवा लागलेला असतो. स्विफ्ट, वॅगन आर, आय-टेन अशा छोट्या गाड्यांत बजेट सांभाळून बसवलेल्या सिस्टीमचं हेच दुखणं माझ्याकडे सगळ्यात जास्त येतं. बहुतेक वेळा गाडीवाला तोवर नवा ॲम्प घ्यायच्या बेतात असतो. तो खर्च करायच्या आधी ॲम्प नेमका कधी जातो ते नीट बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

- फक्त जोराच्या ठोक्याला जातो, आवाज कमी ठेवला की तासन्‌तास वाजतो, रात्री हेडलाइट ठोक्याबरोबर मिणमिणतात: ॲम्पला वीज पुरत नाही. वायर, फ्यूज होल्डर, अर्थिंग किंवा बॅटरी.
- वीस-पंचवीस मिनिटं छान वाजतो, मग जातो, गार झाल्यावर परत येतो: ॲम्प तापतोय. जागा चुकीची, गेनचं बटण जास्त फिरवलेलं किंवा वूफरचे ओहम (विद्युत रोध) कमी.
- चालू करताक्षणी लाल, आवाज अजिबात नाही: कुठेतरी शॉर्ट. स्पीकरची वायर, वूफरची कॉइल किंवा ॲम्पचं पोट.
- खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर जातो: सैल जोडणी.
- लाल होतच नाही, दिवा पूर्ण विझतो आणि परत लागतो: मुख्य वीज किंवा रिमोटची बारीक वायर (स्टिरिओ लागला की ॲम्प चालू करणारी).
- पावसात संध्याकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये जातो, एक्सप्रेसवेवर मात्र ठणठणीत: एसी, वायपर, हेडलाइट चालू आणि इंजिन आयडलवर. आयडलला अल्टरनेटर त्याच्या पूर्ण क्षमतेपेक्षा बराच कमी करंट देतो.

प्रोटेक्टचा लाल दिवा म्हणजे ॲम्प बिघडला असं नाही. व्होल्टेज फार खाली गेलं, आउटपुटला करंट मर्यादेबाहेर गेला, तापमान वाढलं किंवा आउटपुटवर डीसी आला, की आतलं सर्किट ॲम्पला स्वतःहून थांबवतं. म्हणून 'ॲम्प खराब आहे का' हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. तो कशापासून स्वतःला वाचवतोय, ते आधी शोधायचं.

लागणारं सामान थोडं आहे: एक डिजिटल मल्टिमीटर, दहा नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर आणि टॉर्च. मीटर नसेल तर पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत साधासा चालणारा मीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. या कामाला तेवढा पुरतो.

१. फुकटची तपासणी: बटणं

बेस बूस्ट शून्यावर आणा. ॲम्पवरचा, स्टिरिओवरचा आणि डॅशबोर्डखाली लावलेल्या बेस नॉबचाही. स्टिरिओचं लाउडनेस बंद करा आणि इक्वलायझर सपाट ठेवा.

याचं कारण साधं गणित आहे. ३ डेसिबल वाढवले की दुप्पट पॉवर लागते, ६ डेसिबलला चौपट आणि १२ डेसिबलला सोळापट. बऱ्याच स्वस्त ॲम्पवर ४५ हर्ट्झच्या आसपास १२ डेसिबलपर्यंत बूस्ट देणारं बटण असतं. ते पूर्ण फिरवलेलं असेल तर २० वॉटचं काम ३२० वॉटचं होऊन बसतं, तेही नेमकं सगळ्यात खोल ठोक्याच्या वेळी. वर स्टिरिओनेही बेस चढवलेला असतो. मग सिग्नलची टोकं कापली जातात, आवाज फाटतो, कॉइल तापते आणि ॲम्प हात वर करतो.

गेन हे आवाज वाढवायचं बटण नाही. स्टिरिओकडून येणारा सिग्नल किती मोठा आहे हे ॲम्पला सांगण्यासाठी ते असतं. मीटरने ते बरोबर लावता येतं. वूफरची वायर काढा, स्टिरिओ तीन चतुर्थांश आवाजावर ठेवा, ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या आउटपुटला धरा. किती व्होल्ट हवेत? खरी पॉवर गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. २५० वॉट आणि ४ ओहम असेल तर हजाराचं वर्गमूळ, म्हणजे ३१.६ व्होल्ट. तिथे गेन थांबवायचा. लो पास (त्यावरचे स्वर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. पेटी पोर्टवाली (हवेसाठी भोक ठेवलेली) असेल आणि ॲम्पवर सबसॉनिक (अगदी खोल स्वर अडवणारा) फिल्टर असेल तर तो लावा, कारण पोर्टच्या ट्यूनिंगखाली कोनला हवेचा आधार राहत नाही आणि तो भलताच नाचतो.

इथे 'खरी पॉवर' म्हणजे खोक्यावर छापलेले २००० वॉट नव्हेत. ॲम्पच्या बाजूला खोचलेले फ्यूज बघा. २५ अँपिअरचे दोन असतील तर एकूण ५०. त्याला १३.८ व्होल्टने गुणा आणि ॲम्प क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा प्रकार) असेल तर ०.८ ने. साधारण साडेपाचशे वॉट आले. क्लास एबी (जास्त तापणारा प्रकार) असेल तर ०.६ ने गुणा, चारशेच्या आसपास येतात. प्रत्यक्षात याहून जास्त सतत मिळणार नाही, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो. बजेट सिस्टीम घेताना दुकानातच हा हिशेब केला तर पुढचा बराच त्रास वाचतो.

२. हात लावून बघा: उष्णता

सिस्टीम वाजून बंद पडली की ॲम्पवर तळवा ठेवा. हात ठेववत नसेल तर आधी जागा बदला. सीटखाली कार्पेटमध्ये दाबून बसवलेला, डिकीत बॅगांखाली गाडलेला किंवा उलटा टांगलेला ॲम्प उष्णता बाहेर टाकू शकत नाही. एप्रिल-मेमध्ये उघड्यावर लावलेल्या गाडीची डिकी वाजवायच्या आधीच तापलेली असते, त्यामुळे हिवाळ्यात चाललेली सिस्टीम उन्हाळ्यात बंद पडू लागते. ॲम्पच्या फिन्सना (उष्णता टाकणाऱ्या पात्यांना) चारही बाजूंनी दोन-तीन बोटं मोकळी हवा हवी.

ॲम्प थेट सबच्या पेटीवर स्क्रूने बसवलेला दिसला तर तो तिथून काढा. जागा वाचते हे खरं, पण सततच्या हादऱ्यांनी टर्मिनलचे स्क्रू ढिले होतात आणि आतले सोल्डरचे टाकेही सुटतात.

३. ओढून बघा: जोडण्या

आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल दहाच्या पान्याने काढा. मग बॅटरीपासून ॲम्पपर्यंत प्रत्येक जोडणी बोटाने हलवा, जरा ओढा. नुसतं बघून कळत नाही. ॲम्पच्या टर्मिनलमध्ये वायरचे केस पसरलेले असतात, त्यातला एखादा शेजारच्या टर्मिनलला शिवतो आणि खड्डा आला की शॉर्ट होतो. वायर सोलून थेट स्क्रूखाली दाबण्यापेक्षा टोकाला फेरूल किंवा थिंबल (धातूची टोपी किंवा कडी) क्रिंप करून, म्हणजे पकडीने दाबून लावा. स्क्रू एकदा आवळला म्हणजे झालं असं समजू नका. हादरे आणि उष्णतेने तार दबते, म्हणून आठवड्याभराने पुन्हा आवळा.

या टप्प्यावर जिथे जास्तीत जास्त वेळ द्यावा अशी एक वस्तू आहे: बॅटरीजवळचा फ्यूज होल्डर. स्वस्त वायर किटमध्ये पारदर्शक प्लास्टिकचा गोल होल्डर आणि आत सोनेरी टोप्यांचा काचेचा नळीसारखा फ्यूज येतो. होल्डर उघडा आणि फ्यूज बोटाने फिरवून बघा. सहज फिरत असेल तर आतल्या पत्र्याची पकड गेली आहे. टोपीवर काळे ठिपके, प्लास्टिकवर पिवळट-तपकिरी डाग, एका बाजूला किंचित वितळलेली कड, यातलं काहीही दिसलं तर तिथे उष्णता तयार होतेय. म्हणजेच ॲम्पला मिळायची वीज तिथे जळतेय. फ्यूज उडालेला नसतो, मीटरवर कंटिन्युइटीही ठीक दाखवते, म्हणून ही जागा सगळ्यांच्या नजरेतून सुटते. पॉलिश पेपर मारून तात्पुरतं चालतं, पण तो होल्डर फेकून स्क्रूने आवळायचा एएनएल किंवा मिनी-एएनएल होल्डर लावा. इतक्या कमी पैशांत इतका फरक सिस्टीममध्ये दुसऱ्या कशाने पडत नाही.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत हवा. तो ॲम्पच्या रक्षणासाठी नसून वायरच्या आणि गाडीच्या रक्षणासाठी असतो. पुढे वायर कुठे घासून बॉडीला लागली, तर आग आणि गाडी यांच्यामध्ये तेवढा फ्यूजच उभा असतो. होल्डर मागे डिकीत ॲम्पशेजारी लावलेला असेल तर पुढची अख्खी वायर उघड्यावर आहे असं समजा.

४. एकेक काढून बघा

यालाही पैसे लागत नाहीत, आणि बरंच काही कळतं. ॲम्प बंद करून वूफरच्या दोन्ही वायर काढा, टोकं एकमेकांना लागू देऊ नका, बॅटरीचं निगेटिव्ह परत लावा आणि ॲम्प चालू करा. लाल दिवा गेला तर दोष वूफरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये. लाल कायम असेल तर आरसीएही (स्टिरिओकडून सिग्नल आणणारी केबल) काढा. आता गेला तर आरसीए केबल किंवा स्टिरिओकडची बाजू. नुसती पॉवर, अर्थ आणि रिमोट लावूनही, बॅटरी भरलेली असताना लाल दिवा हटत नसेल, तर ॲम्प आतून गेला आहे. पुढच्या तपासण्या करत बसू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा.

दिवा लाल न होता विझतच असेल तर रिमोट तपासा. कंपनीच्या स्टिरिओला बरेचदा रिमोटची वायर नसते, म्हणून फिटर ती चार्जिंग सॉकेटच्या वायरीवरून ओढतो आणि नुसती पिळून वर टेप मारतो. ॲम्प विझतो त्या क्षणी रिमोट टर्मिनलवर १२ व्होल्ट टिकतात का ते बघा. टिकत नसतील तर ती पिळलेली जोडणी सोल्डर करा किंवा फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅपने नवी घ्या.

५. मीटर ओहमवर: कॉइल आणि तिची जोडणी

मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. स्वस्त मीटर ०.२ ते ०.५ दाखवतो, तेवढं पुढच्या आकड्यातून वजा करायचं. आता पेटीच्या टर्मिनलवर मोजा. ४ ओहमची धड कॉइल साधारण ३.२ ते ३.८ दाखवते, २ ओहमची १.६ ते १.९. शून्याजवळ आलं तर कॉइल शॉर्ट आहे, काहीच दाखवलं नाही तर तुटली आहे. मग दोन्ही तळवे कोनवर समान ठेवून तो हलक्या हाताने आत दाबा. खरखर जाणवली तर कॉइल घासतेय, वूफर गेला. स्पीकरच्या वायरीचं एक टोक आणि गाडीचा पत्रा यांच्यातही मोजा. तिथे काहीच दाखवायला नको. मागची सीट दुमडताना बिजागरीत वायर चेपली जाते, ती नेमकी इथे सापडते.

खरी मेख डबल व्हॉइस कॉइलच्या वूफरमध्ये असते. ४+४ ओहमच्या दोन कॉइल पॅरलल जोडल्या की २ ओहम, सीरिज जोडल्या की ८. २+२ असेल तर पॅरलल १, सीरिज ४. दोन किंवा चार चॅनेलचा ॲम्प ब्रिज करून (दोन चॅनेल मिळून एक करून) वापरला तर त्याला बहुधा कमीत कमी ४ ओहम लागतात, कारण ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला निम्माच भार दिसतो. अशा ॲम्पला ४+४ चा वूफर पॅरलल जोडून दिला की हळू आवाजात उत्तम वाजतो आणि ठोक्याला हमखास प्रोटेक्टमध्ये जातो. 'ओहम कमी तर आवाज जास्त' हे मोनोब्लॉकच्या (एकाच चॅनेलच्या ॲम्पच्या) बाबतीत त्याच्या मर्यादेपर्यंत खरं आहे, सगळीकडे नाही. ॲम्पच्या पत्र्यावर किमान ओहम छापलेले असतात, ते ब्रिजसाठी वेगळे वाचा. ४+४ चा वूफर आणि ब्रिज केलेला ॲम्प घरात असलाच, तर सीरिज जोडून ८ ओहमवर चालवा. आवाज थोडा कमी होईल, पण सिस्टीम टिकेल. वूफर अजून घ्यायचा असेल तर ॲम्प आधी ठरवा आणि त्याच्या ओहमला जुळणारा वूफर घ्या.

६. वीज कुठे हरवते?

आतापर्यंत काही सापडलं नसेल तर शंभरातल्या बहुतेक गाड्यांत उत्तर इथे मिळतं. टाकी भरलेली असूनही बारीक पाइपमुळे नळाला धार येत नाही, तसंच हे आहे. बॅटरीवर व्होल्टेज छान दिसतं आणि ॲम्पपर्यंत पोचत नाही.

आधी बॅटरी. रात्रभर बंद असलेल्या गाडीत सकाळी सेल्फ मारायच्या आधी मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, तिथे हा आकडा वरखाली होतो, त्याची धास्ती घेऊ नका. लहान गाड्यांच्या ३५ एएचच्या बॅटरीवर इंजिन बंद ठेवून टेकडीच्या पायथ्याशी तासभर सब वाजवला, तर ॲम्प बंद पडणं हा दोष नाही, बॅटरी तेवढीच आहे.

आता भारावर मोजायचं. इंजिन चालू ठेवा, पण सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये हे करू नका, गाडी उघड्यावर आणा. बंदिस्त जागेत एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. एकाने स्टिरिओपाशी बसून ५० हर्ट्झचा टोन ॲम्प बंद पडण्याच्या जरा खालच्या आवाजावर पाच-सात सेकंद लावायचा, दुसऱ्याने मोजायचं. गाण्यावर मोजू नका, ठोका येऊन जातो तेवढ्यात मीटरचा आकडा स्थिरच होत नाही. जास्त वेळही टोन ठेवू नका, कॉइल तापते.

तीन आकडे घ्या. एक, बॅटरीच्या दोन टर्मिनलवर. दोन, ॲम्पच्या पॉवर आणि अर्थ टर्मिनलवर. तीन, ॲम्पचं अर्थ टर्मिनल ते बॅटरीचं निगेटिव्ह, त्यासाठी लांब वायरीचा तुकडा जोडून मीटरची पिन पुढे न्यावी लागेल. पहिल्या दोन आकड्यांतला फरक अर्धा व्होल्ट असेल तर चालवून घेता येतं, एक व्होल्टच्या पुढे गेला तर दुखणं सापडलं. तिसरा आकडा ०.२ च्या आत हवा. ०.५ दिसले तर दोष अर्थिंगचा आहे, वायर बदलून काही होणार नाही. आणि बॅटरीवरचा आकडाच टोनबरोबर १२ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी किंवा अल्टरनेटर तपासून घ्या.

७. अर्थिंग

पॉवरची वायर लोक हौसेने जाड घेतात आणि अर्थ मात्र डिकीतल्या कुठल्यातरी तयार स्क्रूखाली सरकवून देतात. जेवढा करंट जातो तेवढाच परत यायला हवा, म्हणून अर्थची वायर पॉवरइतकीच जाड आणि शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत हवी.

स्क्रू सोडवून खाली बघा. रंगाचा थर जसाच्या तसा असेल, किंवा रंगावर स्क्रूच्या कडेपुरतीच चमक दिसत असेल, तर संपर्क तेवढ्या रेघेपुरताच आहे. पॉलिश पेपरने थिंबलपेक्षा थोडी मोठी जागा घासून पत्रा पांढरा लखलखीत करा. सहा किंवा आठ एमएमचा नट-बोल्ट, दातेरी वॉशर, मग घट्ट आवळणी. झाल्यावर वरून रंग किंवा ग्रीसचा हात द्या. पुण्याच्या पावसाळ्यात डिकीच्या रबरातून पाणी झिरपून स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं, आणि उघडा पत्रा एका मोसमात गंजतो. जूनमध्ये ठीक असलेलं अर्थिंग गणपतीपर्यंत बिघडलं, याचं कारण बहुधा हेच असतं.

सीटबेल्टचा बोल्ट कधीही वापरू नका. तो जीव वाचवणारा भाग आहे, त्याच्या आवळणीला हात लावायचा नाही.

भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून टॉर्चने बघा. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते. सीएनजी गाडीत डिकीतल्या सिलिंडरपासून पुढे गॅसची नळी जाते. ड्रिल त्या बाजूला फिरवायचंच नाही. सीएनजी गाडीत बॉडीवर आधीच असलेला, कंपनीने दिलेला अर्थ पॉइंट घासून वापरा, आणि तो सापडत नसेल तर इथेच थांबून जाणकाराला बोलवा. काही नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. तिथे अर्थ थेट बॅटरीच्या खांबाला जोडला की सेन्सरचा हिशेब चुकतो, म्हणून बॉडीवरच घ्यायचा.

८. वायर

अर्थिंग सुधारूनही फरक राहिला तर वायर बदलायला पर्याय नाही. इथे खर्च आणि मेहनत दोन्ही आहे, म्हणून इतकं मागे ठेवलं.

किटवर '८ गेज' लिहिलेलं असतं (गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड), पण बोटभर जाड आवरणाच्या आत तार काडीएवढी असते. टोक कापून छेद बघा. आतून पांढुरकी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे, दुकानात सीसीए म्हणतात ती. तिचा विद्युत रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो. बाहेरून पांढरी पण छेदात लाल असेल तर ते कल्हई केलेलं तांबं, ते उत्तम.

पाच मीटर वायर आणि ४५ अँपिअर करंट धरा. खऱ्या ८ गेज तांब्यात अर्ध्या व्होल्टच्या आसपास पडतात. त्याच जाडीच्या सीसीएमध्ये पाऊण व्होल्ट, आणि तार लिहिल्यापेक्षा बारीक असेल तर त्याहून बरेच. ४ गेज तांब्यात जेमतेम ०.२. कार ऑडिओच्या ब्रँडेड वायरला पैसे घालवायचे नसतील तर २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल घ्या. ती ४ गेजपेक्षा किंचित जाड भरते, लवचिक असते आणि बुधवार पेठेत मीटरवर कापून मिळते. विकत घेताना छेद बघूनच घ्या, वेल्डिंग केबल ॲल्युमिनियमचीही येते.

इंजिनच्या बाजूने आत येताना वायर पत्र्याच्या भोकातून जाते, तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) हवंच. पॉवरची वायर एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्या.

कपॅसिटर लावून हे दुखणं बरं होत नाही. तो क्षणापुरती मदत करतो, वायरीतला आणि अर्थिंगमधला तोटा तसाच राहतो. तेच पैसे वायरीला घाला.

कुठे थांबायचं

खाली लिहिलेल्यातलं काही दिसलं तर निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि हात बाजूला घ्या.

- जळका वास, धूर किंवा वितळलेलं आवरण.
- योग्य आकड्याचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडणं. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावून गाडी चालवू नका, यातून गाड्या पेटतात.
- पिवळ्या आवरणातल्या वायरी. त्या बहुधा एअरबॅगच्या असतात.
- हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबल. त्यात जीवघेणं व्होल्टेज असतं. तिथे सब बसवायचा तो सर्व्हिस सेंटरला विचारूनच.
- डॅशबोर्डवर बॅटरीचा किंवा इंजिनचा दिवा लागणं.
- गाडी वॉरंटीत असणं आणि कामासाठी कंपनीची वायर कापावी लागणं. कपलरने (वायर न कापता बसणाऱ्या प्लगने) जोडणारा माणूस शोधा.

कोणाकडे जायचं हेही दुखण्यावर ठरतं. बॅटरीवरचं व्होल्टेजच कोसळत असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियन, तो बॅटरीची लोड टेस्ट आणि अल्टरनेटर दोन्ही बघतो. सीएनजीची नळी, टाकी किंवा कंपनीच्या वायरिंगजवळ काम असेल तर अनुभवी फिटर. नुसती वीज जोडूनही ॲम्प लाल असेल तर बोर्ड दुरुस्त करणारा. जाताना सहाव्या तपासणीतले तिन्ही आकडे, कॉइलचे ओहम आणि ॲम्प कधी बंद पडतो हे कागदावर लिहून न्या. 'सब वाजत नाही' एवढंच सांगितलं तर सुरुवात परत पहिल्यापासून होते आणि त्या वेळाचे पैसे तुमच्याकडूनच जातात.

बोर्ड दुरुस्तीत एक गोष्ट आवर्जून विचारा. ॲम्पच्या पॉवर सप्लायमध्ये मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) जोडीजोडीने किंवा गटाने असतात. त्यातला फक्त शॉर्ट झालेला बदलला तर बाकीचे, आधीच ताण सोसलेले, थोड्याच दिवसांत जातात. अख्खा गट आणि त्यांचे गेटचे रेझिस्टर बदलणार का, ते आधी ठरवून घ्या. दुरुस्तीचा खर्च नव्या ॲम्पच्या निम्म्यावर गेला तर मी नवाच घ्यायला सांगतो. नवा आणला किंवा जुना दुरुस्त होऊन आला, तरी पहिल्यांदा वूफर न जोडता, मुख्य होल्डरमध्ये १० अँपिअरचा फ्यूज घालून चालू करा. हिरवा दिवा पाच मिनिटं टिकला की बंद करा, वूफर जोडा, हळू आवाजात वाजवा, आणि मगच मूळ आकड्याचा फ्यूज लावा.